वारुळाचे पहारेकरी आणि कोळ्याचा धागा

माळावरच्या एका बाभळीखाली वाळवीचे मोठे वारूळ होते. आत राणी, तिची पिल्ले आणि वारुळाची व्यवस्था बघणारा कारभारी, आणि प्रत्येक दारी शिपायांचा पहारा. बाळांनो, वाळवीच्या शिपायाला डोळे नसतात. जबडा एवढा मोठा, की स्वतःच्या तोंडाने घास खाता येत नाही. कामकरणीने भरवले तरच त्याचे पोट भरते. शत्रू आला की त्याने जमिनीवर डोके आपटायचे, आणि तो ठोका ऐकताच कामकरणींनी दार आतून मातीने लिंपून टाकायचे. शिपाई आत आला की बाहेर राहिला, हे कुणी बघायचे नाही, अशी तिथली रीत. त्या एका ठोक्यापलीकडे शिपायांना एका दारावरून दुसऱ्या दारी काही बोलताच येत नसे.

बाभळीवरच्या कोळ्याला त्यांची दया आली. त्याने सगळ्या दारांवरून एक धागा ताणला, त्याचे टोक आत कारभाऱ्याच्या दालनापाशी सोडले आणि धागा ओढून कसे बोलायचे ते शिपायांना शिकवले.

"तुझ्या दाराशी काय आहे रे?" पूर्वेच्या शिपायाने विचारले.

"अंधार," पश्चिमेचा म्हणाला. "तुझ्याकडे?"

"अंधारच. पण जरा ओला आहे."

दोघांना हसू आले. मग पश्चिमेचा हळूच म्हणाला, "मागच्या खेपेला माझा जोडीदार बाहेरच राहिला."

"माझाही. मला वाटायचं, हे आमच्याच दारी घडतं."

एकेका दारावरून तेच उत्तर आले. तेव्हा सगळ्यांच्या वतीने पूर्वेचा शिपाई कारभाऱ्याकडे गेला.

"कारभारी, धाग्याचं टोक कुणीतरी धरून बसावं. दार लिंपण्याआधी एकदा ओढावं, म्हणजे आम्ही आत येऊ. एवढंच मागणं आहे."

"शिपायाने धोका सांगावा," कारभारी म्हणाला. "गाऱ्हाणी सांगत बसलात तर पहारा कोण करणार?"

"पहारा आम्हीच करू की. आजवर कोण करत होतं?"

"बरं बरं, बघू."

परतताना त्याला भरवणारी कामकरीण भेटली. ती म्हणाली, "मी धरलं असतं रे टोक. पण मला कुणी सांगितलं नाही ना." टोक तसेच लोंबत राहिले.

नागपंचमीला गावातल्या बायका आल्या. भावाच्या आयुष्यासाठी त्यांनी वारुळाला हळदकुंकू वाहिले, दूध ओतले, लाह्या आणि गूळ ठेवला. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण दुधाने पूर्वेची माती खचून भगदाड पडले, आणि गुळाच्या वासाने लाल मुंग्यांची रांग आली. शिपायांनी डोकी आपटली. दारादारांवरचे शिपाई पूर्वेकडे धावले आणि भगदाडाबाहेर भिंतीसारखे उभे राहिले. आत कामकरणींनी भगदाड आणि सगळी दारे भराभर मातीने लिंपली. मुंग्या बऱ्याच शिपायांना घेऊन गेल्या, पण वारुळात एकही शिरली नाही.

ऊन चढले. उरलेल्या शिपायांनी धागा ओढला, पुन्हा ओढला. आत टोक हलत होते आणि धरायला कुणी नव्हते.

"डोकं आपटू या का?" पश्चिमेच्या शिपायाने विचारले.

"आपटलंस तर त्यांना वाटेल, मुंग्या परत आल्या. लिंपण आणखी जाड करतील."

"मग काय करायचं?"

"ओढत राहू."

"भूक लागली आहे रे."

"आसपास सगळ्या लाह्याच आहेत म्हणे," पूर्वेचा म्हणाला. "भरवायला तेवढं कुणी नाही."

संध्याकाळपर्यंत धागा थांबून थांबून हलला. मग हलायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी कामकरीण घास घेऊन पूर्वेच्या दाराशी आली. तिला ताजी भिंत लागली. शिपायाची जागा रिकामी होती. ती तशीच माघारी वळली, कारभाऱ्याच्या दालनापाशी गेली, आणि कुणी सांगितले नसताना तिने धाग्याचे टोक हातात घेतले. पलीकडून काहीच आले नाही. तरी ती धरून बसली.

तात्पर्य : जे आपल्यासाठी दाराबाहेर उभे राहतात, त्यांच्याकडून केवळ संकटाची वर्दी मागू नये; त्यांचे स्वतःचे म्हणणे ते सांगू शकत आहेत तोवरच ऐकून घ्यावे.