दोनशे अकरा आणि एक

अमेरिकेतल्या एका गावात एक आमदार होता. गावाचं नाव पिपिनबरी. नकाशात शोधू नका. नकाशा काढणारा त्या भागात आला त्या दिवशी नेमकं धुकं होतं, असं तिथले लोक सांगतात. आमदाराचं नाव एझ्रा पिंकहॅम.

त्या राज्यात तेव्हा प्रत्येक गाव, मग ते केवढंही असो, राजधानीत आपला एक आमदार पाठवत असे. पिपिनबरीत मतदार दोनशे बारा. ते दर दोन वर्षांनी एझ्राला निवडून देत, आणि असं चौदा वेळा झालं होतं. एझ्राला हस्तांदोलनाचा भारी सोस. अठ्ठावीस वर्षं लोकांचे हात हलवून हलवून त्याचा उजवा पंजा डाव्यापेक्षा दोन बोटं रुंद झाला होता. हातमोजे घेताना तो दोन मापांचे दोन जोड घेई आणि प्रत्येकातला एक टाकून देई. गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव त्याला पाठ होतं. प्रत्येक कुत्र्याचंही. कुत्र्यांना मत नसतं हे त्याला माहीत होतं. पण पुढेमागे कायदा बदलला तर?

निवडणूक म्हटली की समोर कोणीतरी उभं राहायला हवं. ते काम सायलस टटल करी. सायलस सुतार होता, शवपेट्या बनवायचा. "मला मतं मागायची घाई नाही," तो म्हणे, "माझ्याकडे शेवटी सगळेच येतात."

आता पिपिनबरीची एक रीत होती, आणि सगळी गोष्ट त्या रीतीवर उभी आहे. उमेदवाराने आपलं मत स्वतःला द्यायचं नाही. ते प्रतिस्पर्ध्याला द्यायचं. पंगतीत आपण आपल्याच पानात जिलब्या ओढून घेत नाही ना, तसंच. मत देऊन बाहेर आलं की दोघा उमेदवारांनी समोरासमोर उभं राहून हॅट काढायची. त्यामुळे निकाल दर वेळी ठरलेला. सायलसचं मत धरून एझ्राला दोनशे अकरा, आणि एझ्राचं मत सायलसला, म्हणजे एक. गावची चिटणीस मिस प्रुडन्स निकाल वाचायची तेव्हा दोनशे अकरावर लोक नुसते माना डोलावत. ती "आणि एक" म्हणाली की टाळ्या पडत. ते एक मत म्हणजे गावाची अब्रू होती. शेजारच्या गावांत निवडणुकीला दगड चालत; इथे हॅट निघत.

पंधराव्या निवडणुकीच्या आधी राजधानीहून पक्षाची दोन माणसं मोटारीतून आली. एझ्राच्या ओसरीवर बसून त्यांनी पाय ताणले आणि म्हणाली, "पिंकहॅमसाहेब, या खेपेला निवडून या. सभापतीची खुर्ची तुमचीच."

झालं. मोटार वळणापलीकडे गेली आणि एझ्राच्या डोक्यात किडा शिरला. चौदा वेळा आपण निवडून येणारच, अशी त्याची खात्री होती. आता खुर्ची दिसली, तशी पडण्याची भीतीही दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी तो दाढीला गेला. लेम न्हावी एरवी इतका बोले, की गिऱ्हाईक दाढी करून घरी पोचलं तरी त्याचं वाक्य संपलेलं नसे. त्या दिवशी लेम एक शब्द बोलला नाही. एझ्रा गळ्यावर वस्तरा घेऊन विचार करत बसला, हा गप्प का? बाहेर आला तर समोरून सायलस. डोक्यावर नवीकोरी हॅट. एझ्राच्या मनात आलं, पडायचंच असेल तर माणूस नवी हॅट घेईल कशाला?

लेमची दाढ दुखत होती. सायलसची जुनी हॅट त्याच्याच बकरीने खाल्ली होती. पण एझ्राने दोघांनाही विचारलं नाही. संशयी माणूस सगळ्यांना सगळं विचारतो, सरळ प्रश्न तेवढा विचारत नाही.

मतदानाचा दिवस आला. सभागृहात पडदा लावलेली एक खोली होती. आत देवदाराची फळी आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल, नावापुढे फुली करायला. एझ्रा आत गेला. त्याच्या मागे रांगेत त्याची बायको हॅटी उभी होती. दर वेळी एझ्रा क्षणात बाहेर येई. या वेळी मागच्या चार माणसांनी हवापाण्याच्या गप्पा संपवल्या तरी तो आतच. शेवटी आला. सायलस दारात वाट पाहत होता. त्याने नवी हॅट झोकात काढली. एझ्राचा हात हॅटच्या काठापर्यंत गेला, तिथे अडखळला, कान खाजवून खाली आला.

हॅटी ते बघत बघत पडद्याआड गेली.

संध्याकाळी मिस प्रुडन्सने चष्मा लावला. "एझ्रा पिंकहॅम, दोनशे अकरा." माना डोलल्या. "सायलस टटल, एक." टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. लेमने शिटी मारली, दाढ दुखत असूनही.

आणि विजयी उमेदवार पांढराफटक पडला.

कारण या खेपेला एझ्राने आपलं मत स्वतःलाच दिलं होतं. न जाणो, एका मताने पडलो तर? म्हणजे त्याच्या हिशेबाने निकाल यायला हवा होता दोनशे बारा आणि शून्य. मग सायलसला मिळालेलं ते एक मत कोणाचं?

"फितूर!" घरी येताच तो हॅटीला म्हणाला. "गावात एक फितूर आहे."

हॅटी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "निवडून आलास ना? मग जेवायला बस."

"तू भोळी आहेस, हॅटी. तुला राजकारणातलं काय कळणार!"

त्या दिवसापासून एझ्राचं हस्तांदोलन बदललं. तो लोकांचा हात हलवत नसे, वैद्याने नाडी पाहावी तसा धरून ठेवी. पकड सैल लागली की नाव वहीत. पकड फार घट्ट लागली तरी नाव वहीत, कारण एवढा घट्ट हात कोण धरतो? ज्याच्या मनात काही आहे तोच. पाद्रीसाहेब प्रवचनात "क्षमा" म्हणताना एझ्राकडे बघून खोकले, पाद्रीसाहेब वहीत. भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोड पक्वान्नाच्या स्पर्धेत एका म्हातारीने त्याला लहान तुकडा कापून दिला, म्हातारी वहीत. लेम आता पुन्हा भडाभडा बोलू लागला होता. काहीतरी लपवल्याशिवाय माणूस एवढा बोलत नाही, म्हणून लेमच्या नावापुढे दोन फुल्या.

एवढ्यावर थांबता तरी. पण तो प्रत्येकाला बाजूला घेऊन हळूच सांगे, "शेजाऱ्यावर जरा लक्ष ठेव. का ते विचारू नकोस." मग शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवू लागले. ज्या गावात दाराला कडीसुद्धा नव्हती, तिथे त्या हिवाळ्यात दुकानातली सगळी कुलपं संपली. एकाने तर कोंबड्यांच्या खुराड्याला कुलूप घातलं आणि किल्ली कोंबड्याच्या गळ्यात बांधली, कारण घरच्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. राजधानीत सभापतीच्या निवडीची बैठक झाली, तेव्हा एझ्रा गावातच होता, एका गवळ्यावर पाळत ठेवून. खुर्ची दुसऱ्याला गेली. "बघ!" तो हॅटीला म्हणाला. "फितुराचे हात राजधानीपर्यंत पोचलेत."

फेब्रुवारी संपेपर्यंत वहीत दोनशे दहा नावं झाली. गावातली फक्त दोनच नावं वहीत नव्हती: एझ्राचं स्वतःचं आणि हॅटीचं.

"सोडून दे, एझ्रा," हॅटी म्हणाली. "एका मताने तुझं काय अडलंय?"

"ते एक मत मला गिळता येत नाही, हॅटी."

"मग चावत बसू नकोस. थुंकून टाक."

पण एझ्राने ठरवलं होतं. मार्चमध्ये गावची वार्षिक सभा भरली. सगळे जमले, एकमेकांपासून चार चार हात लांब बसले. एझ्रा उभा राहिला आणि त्याने फेरमोजणीचा अर्ज दिला. मतपत्रिका सीलबंद ठेवलेल्या होत्याच. फुली कोणत्या हाताची आहे ते आपण बघताच ओळखू, असा त्याला विश्वास होता.

मिस प्रुडन्सने अर्ज दोनदा वाचला. "पडलेल्या माणसाने फेरमोजणी मागितलेली मी ऐकली आहे," ती म्हणाली. "निवडून आलेला मागतोय हे पहिल्यांदाच बघते. कायद्याने कारण सांगावं लागतं, मिस्टर पिंकहॅम. सभेपुढे. हात वर करून."

एझ्राने तो रुंद पंजा वर केला. "माझ्या विरुद्ध एक मत पडलंय," तो गरजला. "ते कोणी टाकलं ते मला हवंय. तो माणूस या सभागृहात बसलाय. गावाचा फितूर!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणाला काही कळेना. शेवटी लेम न्हावी उठला. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही कावा नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"पण आमदारसाहेब," तो म्हणाला, "ते एक मत तर तुमचंच ना?"

मिस प्रुडन्सने चष्मा काढला, पुसला, परत लावला. एझ्राचा वर केलेला हात तसाच वर राहिला.

तेव्हा मागच्या बाकावरून सायलस टटल उठला. त्याला सगळं कळलं होतं. शवपेट्या बनवणाऱ्याला माणसाचं माप चटकन कळतं. पण तो मनाचा मोठा.

"अरे, विसरला असेल बिचारा," तो हसून म्हणाला. "मलासुद्धा हल्ली सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. ते मत तुझंच, एझ्रा. बस खाली."

दार असं उघडून दिलं होतं. "हो रे, विसरलोच," एवढं म्हणून कपाळाला हात लावला असता, तर गाव हसलं असतं आणि घरी गेलं असतं. पण एझ्राला त्यातही डाव दिसला. हा मला म्हातारा ठरवतोय! माझी जागा घ्यायला बघतोय!

"मी काही विसरलेलो नाही!" तो ओरडला. "मी माझी फुली कुठे केली ते मला पक्कं ठाऊक आहे!"

नंतर मोजणी करायची कोणाला गरज वाटली नाही. लोक एक एक करून उठले. जाताना कोणी रागावलं नाही. फक्त एझ्राच्या समोरून जाताना एकाही पुरुषाने हॅटला हात लावला नाही.

घरी आल्यावर एझ्रा चुलीपाशी बसला. मग म्हणाला, "पण मग ते मत होतं तरी कोणाचं?"

"माझं," हॅटी म्हणाली.

तो ताडकन उठला. "तू? माझ्या विरुद्ध?"

"तुझ्या मागोमाग मी आत गेले, एझ्रा. पेन्सिलीचं टोक मोडलेलं होतं. तू इतकं दाबून लिहिलंस, की कागदाखालच्या फळीवर फुली उमटली होती. वरच्या नावाच्या जागी. वरचं नाव तुझं. संध्याकाळी दोनशे बारा आणि शून्य असा निकाल वाचला गेला असता, तर सगळ्या गावाला कळलं असतं तू काय केलंस ते. म्हणून तुझं जे मत सायलसला जायला हवं होतं, ते मी माझ्या हाताने दिलं. तुझी लाज राखायला दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू दोनशे दहा माणसांवर संशय घेतलास. मला एकदा तरी विचारशील असं वाटलं होतं."

पुढची निवडणूक आली. या वेळी एझ्राने रीत पाळली. सायलसच्या नावापुढे हलकीशी फुली केली, बाहेर येऊन हॅट काढली. संध्याकाळी मिस प्रुडन्सने चष्मा लावला.

"सायलस टटल, दोनशे अकरा. एझ्रा पिंकहॅम." ती थांबली. "एक."

टाळ्या पडल्या. छप्पर थरथरलं. एझ्राचे डोळे भरून आले. त्याने शेजारी बसलेल्या हॅटीचा हात आपल्या रुंद पंजात घेतला आणि म्हणाला, "सगळं गाव फिरलं, पण तू नाही फिरलीस. हे एक मत तुझं."

"छे," हॅटी म्हणाली. "मी मत दिलं सायलसला. मागच्या खेपेला दिलं होतं, तेव्हाच त्याची सवय झाली."

"मग हे कोणाचं?"

हॅटीने समोर बोट दाखवलं. पलीकडच्या भिंतीशी नवा आमदार उभा होता. बकरीने आता दुसऱ्या हॅटचाही काठ कुरतडला होता. ती हॅट काढून, एझ्राकडे बघत, सायलस टटल मान लववून उभा होता.

तात्पर्य: फितूर शोधायला निघण्यापूर्वी आपण स्वतः फुली कुठे केली ते आठवावं; आणि आपली लाज कोणी गुपचूप झाकली असेल, तर ते पांघरूण आपल्याच हाताने ओढू नये.