दोन हातांचा मार्ग

“...मग यातलं खरं कुठलं, सर? हातानं कमांड लिहिणं, की एडिटरमधली बटणं दाबणं?”

जमादार सर खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होते.

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर ते राहत. चाळीस वर्षं त्यांनी प्रोग्रॅमिंग केलं होतं, शिकवलं होतं. तन्मय कुलथे त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. तसं तो स्वतःही मानत असे.

तन्मय सांगत राहिला. एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर तो आणि रेश्मा घोरपडे मिळून लिहीत होते. रेश्माही सरांचीच विद्यार्थिनी. कोडमधले बदल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नोंदवायचे, तर ती एडिटरमधली बटणं वापरे. तन्मय काळ्या पडद्यावर कमांड लिही. बटणामागे काय चालतं हे तिला ठाऊक नाही, असं त्यानं ऑफिसात चारचौघांत म्हटलं होतं.

“आणि गुरुवारी काय झालं?” सरांनी विचारलं.

तन्मय थांबला. हे त्यांना कळलं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

गुरुवारी त्यानं आपलं काम सामाईक कोडमध्ये पाठवलं. रेश्माचं चार दिवसांचं काम तिथून पुसलं गेलं. एका रक्तगटाच्या नोंदी चुकीच्या दिसत होत्या, ती दुरुस्ती त्यात होती. तिच्या मशीनवर प्रत होती म्हणून तासाभरात सगळं परत आलं. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही.

“तिनं रोज थोडं थोडं पाठवलं असतं, तर गुंता झालाच नसता,” तन्मय म्हणाला. “बटणं दाबणाऱ्यांना ते कळत नाही.”

“तू पाठवलंस, तेव्हा गिटनं लगेच घेतलं?”

“...नाही. आधी नाकारलं.”

“मग?”

“मी कमांडला फोर्स जोडलं. म्हणजे तिथलं असेल ते पुसून माझंच ठेव.”

“का नाकारलं, ते पडद्यावर आलं होतं?”

“आलं होतं. चार-पाच ओळी.”

“वाचल्यास?”

खालच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावून पाहत होतं.

“नाही,” तन्मय म्हणाला.

सर खुर्चीत बसले. तन्मयचे कान तापले होते. शेवटी तो म्हणाला, आजपासून कमांड बंद, उद्यापासून तोही एडिटरच वापरेल.

सरांनी नकारार्थी मान हलवली. रेश्मा काल येऊन गेली, असं त्यांनी सांगितलं. तिनंही हेच विचारलं होतं. तिला त्यांनी महिनाभर बटणांना हात न लावता कमांड शिकायला सांगितलं होतं.

तन्मयनं चमकून वर पाहिलं. “म्हणजे माझंच बरोबर होतं?”

“नाही.”

“मग मी एडिटर वापरू?”

“वापर. नको असेल तर नको वापरूस.”

तन्मयनं लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. पडद्यावर गुरुवारच्या त्या ओळी अजून होत्या. तो म्हणाला, निदान एवढं तरी सांगा, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं? कुठली कमांड? कुठलं बटण?

सरांनी त्या ओळी सावकाश वाचल्या. तुझ्याकडे नसलेलं दुसऱ्या कुणाचं काम इथे आहे, ते आधी घे, असं त्यांत लिहिलं होतं. मग लॅपटॉपचं झाकण मिटलं.

“रेश्मा कुठे बसते?”

“माझ्या शेजारीच.”

“किती लांब?”

“असेल... दोन हात.”

“मग आधी तेवढा मार्ग शीक.”