येसू गुरवीण आणि तपेलीची खरवड

“सून चांगली आहे हो वन्सं, पण डोळा मारते. परवा पूजेला बसली, तर गुरुजींनाच मारला.”

“अगंबाई! मग?”

“मग काय, गुरुजी संकल्प विसरले. रविवारी बोलावून घेते तिच्या वडिलांना. लग्नाआधी का नाही बोललात, हे विचारायला नको?”

हे सासूबाई त्यांच्या नणंदेला, म्हणजे आमच्या आत्यांना, सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि मधली भिंत एका विटेची आहे. डोळा मी मारत नाही. तो आपला आपण मिटतो, उघडतो, कधी मानेलाही सोबत ओढून नेतो, लहानपणापासूनचं आहे. मी चहा नेऊन दिला. दोघी गहू निवडत होत्या, मीही एक ताट ओढलं. आत्या म्हणाल्या, “काही बोलत जा गं. तुमच्या हिवरटेकची एखादी गोष्ट तरी सांग.” म्हणून ही सांगितली.

फार वर्षांपूर्वी, हिवरटेकच्या महादेवाला अजून कळस नव्हता तेव्हा, देवळाचं सगळं येसू गुरवीण बघायची. नवरा गेल्यावर घंटा, दिवा, बेल, सगळं तिच्याकडे आलं. शिवरात्रीची भांगही तीच वाटायची. तिच्या पाट्यावर वरवंटा फिरला की वास वेशीपर्यंत जायचा, आणि वेशीत भांडणारी माणसं कशावरून भांडत होतो तेच विसरायची, असं म्हणतात.

त्या साली पाटलांच्या घरी चिमा नावाची सून आली. कामाला चोख, दिसायला नीटस. पण तिची मान उडायची, आणि घशातून पारव्यासारखा आवाज निघायचा. कुणी बघत नसलं तर कमी, बघितलं की जास्त. आणि पाटलांच्या घरात तर सगळेच बघायचे. सासू बघायची, सासरा बघायचा, गडीमाणसं भाकरी मोडता मोडता थांबून बघायची. मान इतकी उडायला लागली की डोक्यावरची घागर घरी येईतो निम्मी व्हायची. त्या वाटेवर ऐन उन्हाळ्यात हिरवं गवत उगवलं, असं म्हणतात.

कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, देव अंगात आहे, हिला प्रश्न विचारा. विचारले. यंदा पाऊस कसा, तर चिमा म्हणाली, “घुम्.” त्याचा अर्थ कुणाला लागेना. शेवटी पाटील म्हणाले, “शिवरात्र होऊ दे, मग पोचवा हिला माहेरी. परत आणायची नाही.”

चिमा देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. येसू पाटा धूत होती. तिनं मान वर केलीच नाही.

“घरात आधी कोण जेवतं गं?”

“मामंजी. मग सासूबाई, मग दीर, वन्सं.”

“आणि तू?”

“उरलं तर.”

“बरं. औषध पाठवते. घरची रीत तेवढी मोडू नकोस.”

शिवरात्रीला पाटलांकडे पितळी तपेली आली. तुपात परतून दुधात आटवलेली भांग, आणि निरोप, ‘सुनेसाठी’. पण देवाचा प्रसाद सुनेनं आधी कसा घ्यायचा? रीतीप्रमाणे आधी सासऱ्यानं घेतला, मग सासूनं, मग एकेकानं. चिमाच्या वाट्याला आली तळाची खरवड, बोटानं पुसून घेण्याइतकी. येसूनं माप काढलं होतं ते त्या खरवडीचंच, असं म्हणतात.

मग पाटील ओसरीवर बसून स्वतःच्या मिशीला गोंजारत राहिले. थोरल्या दिरानं बैलाची माफी मागितली. सासू चिमाची वेणी घालायला बसली ती उठेचना; ती वेणी उंबरा ओलांडून तुळशीपर्यंत गेली, असं म्हणतात. चिमाकडे कुणीच बघत नव्हतं. खरवडीनं तिचं अंगही सैल झालं होतं. मान थांबली. हे सगळ्यात शेवटी चिमाच्याच लक्षात आलं.

सकाळी लोक देवळात गेले, तर दगडी नंदीची मान पिंडीकडून वेशीकडे वळलेली. थांबलेल्या झटक्याला कुठेतरी जायचंच होतं.

सुनेला माहेरी पोचवायचं आहे हे पाटील विसरूनच गेले. आठवलं तेव्हा चिमाच्या नातवंडांचं बारसं चाललं होतं. तिची मान पुढेही कधीमधी उडायची, पण पाहुण्यासारखी, यायची, जायची. औषध लागू पडलं ते सुनेला की घराला, यावरून आमच्याकडे वरची आळी आणि खालची आळी अजून भांडतात.

येसू एका शिवरात्रीला गाभाऱ्यात गेली ती बाहेर आलीच नाही, असं म्हणतात. पाट्यावरचा हिरवा डाग तेवढा राहिला, तो घासून जात नाही. अजूनही शिवरात्रीला तिच्या नावानं तपेली फिरते, थोरांपासून सुनेपर्यंत. सून खरवड घेते तेव्हा सगळं गाव नंदीकडे तोंड करून उभं राहतं. आणि एरवीही हिवरटेकात कुणाची मान उडाली तर कुणी वर बघत नाही.

गोष्ट संपली. दोघींच्या ताटांतले गहू केव्हाच निवडून झाले होते, तरी बोटं फिरत होती.

आत्या म्हणाल्या, “मग रविवारी तुझे वडील येतील, तेव्हा त्यांनाच सांग ना थोडं आणायला.”

सासूबाईंनी आत्यांकडे असं बघितलं की आत्यांचा चहा हिंदकळला. माझा डोळा मिटला, मान उडाली. मी ती धरली नाही.

“सांगते की,” मी म्हणाले. “पण तपेली आधी तुमच्याकडे येईल आत्या, मग आईंकडे. मला खरवड पुरते.”