फुटली नव्हे, वाढली

एका गावात एक कासारीण राहत होती. बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पंजा कितीही राठ असो, ती तो मायेनं हातात घ्यायची, अंगठ्याखाली जरा दाबायची, माहेरची चौकशी करायची आणि बाई उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची.

आता काच म्हटली की कधीतरी तडकायचीच. पण बांगडीला 'फुटली' म्हणू नये, ते अशुभ. 'वाढली' म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुणाची बांगडी पिचली आणि तिचं तोंड उतरलं, की कासारीण त्या मनगटावर हळूच फुंकर घालायची. म्हणायची, "वाढली हो बाई, वाढली! काचच ती. त्यात तुझा काय दोष?" मग त्या बाईचा जीव भांड्यात पडायचा.

एकदा पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. चुडा भरताना एक बांगडी तडकली, काच नवरीच्या हातात रुतली आणि रक्ताचा थेंब पिवळ्या साडीवर पडला. कासारणीनं तोंडानं 'वाढली' म्हटलं, फुंकरही घातली. नवरी हसली. लग्न थाटात लागलं, लेक सासरी गेली. कासारणीच्या मनात मात्र दुसराच शब्द घुमत राहिला. फुटली. तुझ्या हातानं फुटली.

त्या दिवशी माजघराच्या कोपऱ्यात कुणीतरी कुजबुजलं होतं. काय ते तिला ऐकू आलं नव्हतं, म्हणून तिनं ते स्वतःच ठरवून टाकलं. 'मलाच नावं ठेवत असणार!'

संशयाला एकदा ओसरीवर बसू दिलं की तो थेट चुलीपर्यंत येतो. पाटलीणबाईंनी लग्नाचे लाडू पाठवले, तर हिला वाटलं, 'एवढे लाडू कशाला? काहीतरी शिजतंय.' तिनं ते गाईला घातले. शेजारीण म्हणाली, "आज दमलेली दिसतेस गं," तर हिनं त्यात टोमणा शोधला. मग काचेचा संशय आला, काच विकणाऱ्या व्यापाऱ्याचा आला, कुणाच्या तरी दृष्टीचा आला. तिनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, काळा दोरा बांधला. असे सगळे जण तपासून झाल्यावर तिची नजर आपल्याच उजव्या हातावर गेली. 'हाच तो. याच्यावर आता विश्वास ठेवायचा नाही.'

तेव्हापासून ती बांगडी घट्ट धरू लागली. घट्ट धरलेली काच काय टिकणार? जास्तच तडकू लागली. समोरच्या बाईची ती समजूत घालायची आणि घरी जाताना स्वतःला शिव्या मोजायची, "मेले, हात झडला कसा नाही तुझा!" कधी रडू दाटून आलं, तर त्याचाही संशय यायचा. 'हे सोंग आहे. चूक झाकायला रडतेस.' मग ती डोळे खसाखसा पुसायची.

हळूहळू बाया शेजारच्या गावच्या बाजारात बांगड्या भरायला जाऊ लागल्या. कासारणीच्या पेटीवर धूळ बसली.

अशात एके दिवशी पाटलीणबाई स्वतः दारात आल्या. "लेक माहेरी आलीय. तिचं डोहाळजेवण आहे. हिरवा चुडा भरायला या. कासारीण मावशीच हव्यात म्हणून हटून बसलीय."

'मीच का?' कासारणीला वाटलं. 'चारचौघींत पाणउतारा करायचा असणार.' जावं, तर बांगडी तडकण्याचं भय. अशा कार्यात पुन्हा तसं झालं, तर तिला कुणी उंबऱ्यात उभं करणार नव्हतं. न जावं, तर लोक म्हणणार, पळाली. तिच्या पोटाचा प्रश्न त्या एका चुड्यावर येऊन ठेपला होता. ती गेली.

हिरव्या साडीतली लेक पाटावर बसली होती. भोवती बायाच बाया. कासारणीनं तिचे हात हातात घेतले आणि न राहवून विचारलं, "पोरी, तुला लग्नात लागलं होतं, ते कोणत्या हाताला गं?"

लेकीनं दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. "आता तुम्हीच सांगा मावशी. मला तर आठवतही नाही."

'खोटं!' कासारणीला वाटलं. 'मनात ठेवलंय, म्हणूनच अशी गोड हसतेय.' तिनं बांगडी उचलली आणि जीव मुठीत धरावा तशी घट्ट धरली. कट्! बांगडी दुभंगली. काच या वेळी कासारणीच्याच बोटात घुसली.

"फुटली!" तिच्या तोंडून निघून गेलं.

भर डोहाळजेवणात, गर्भारशीसमोर तो शब्द! बायांचे हात तोंडावर गेले. पाटलीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. झालं, सगळं संपलं, असं वाटून कासारणीनं मान खाली घातली.

लेक मात्र डोळे वटारून म्हणाली, "असं कसं हो मावशी? आमच्या सगळ्यांच्या बांगड्या वाढतात आणि तुमच्या तेवढ्या फुटतात होय?"

एक म्हातारी फिसकन हसली. पण कासारणीला हसू आलं नाही. आयुष्यभर ज्या शब्दानं तिनं गावाला धीर दिला, तो तिनं स्वतःला एकदाही दिला नव्हता. परक्या बाईशीही ती असं कधी वागली नसती.

"आटपा आता," पाटलीणबाई म्हणाल्या, "ओटी भरायची वेळ होतेय. पुढची भरा."

"थांबा पाटलीणबाई," कासारीण म्हणाली. "आधी माझं बोट बघू द्या."

तिनं बोट धुतलं. कुणीतरी हळद पुढे केली. 'ही का मदत करतेय?' असं मनात आलंच, तरी तिनं हळद लावून घेतली. मग आपल्याच बोटावर हळूच फुंकर घातली आणि पुटपुटली, "वाढली गं बाई. काचच ती. फार घाबरली होतीस ना?"

डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तिनं ते खरं की सोंग, हे विचारलं नाही. वाहायचं तेवढं वाहू दिलं. बाया थांबल्या. एकही उठून गेली नाही.

मग तिनं पुन्हा लेकीचा हात घेतला. भीती गेली नव्हती. पण तिनं बोटांना दटावलं नाही, आवळलंही नाही. बांगडी सैल धरली आणि ती सहज मनगटावर उतरली. तिच्यामागून दुसरी गेली, तिसरी गेली, हिरवा चुडा भरून झाला.

लगेच एका जाड्या बाईनं हात पुढे केला. "आता मला भरा."

कासारणीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझी कीव येऊन तर म्हणत नाहीस ना?"

"कीव कसली डोंबलाची!" बाई फणकारली. "बाजारातल्या त्या कासारानं माझा हात सोलून काढलाय. कीव आलीच तर मला माझ्या हाताची येतेय!"

"यायलाच हवी," कासारीण म्हणाली आणि तिनं पेटी उघडली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या जखमेवर फुंकर घालणाऱ्यानं स्वतःच्या जखमेची उलटतपासणी करू नये, तिच्यावरही तीच फुंकर घालावी.