गंध आणि गिलावा

एका संस्थानात दरबाराच्या जुन्या भिंतीवर गिलावा टिकेना. वर्षानुवर्षं मशालींच्या तेलकट काजळीनं माखलेली ती गुळगुळीत भिंत. नवा चुना आठवड्यात ढलपे होऊन खाली. दोन गवंडी त्यापायी हद्दपार झाले. तिसरा आला सटवाजी. त्यानं भिंत नखानं खरवडली, बोट हुंगलं आणि चुना धरावा म्हणून टोचे मारून भिंत खडबडीत करायला छिन्नी काढली.

"खबरदार!" कारभारी भास्करपंत कडाडले. "राजवाड्याच्या भिंतीला टोचे? वरून चुना थाप. पडला तर तूही सरहद्दीपार!"

पंत रोज वाटीभर तेल डोक्यात जिरवत. कपाळ आरशासारखं चकाके. सटवाजीनं हात जोडले. "थापतो की, पंत. पण आधी तेल न पुसता आपल्या कपाळी गंध लावा. ते टिकलं, तर चुनाही टिकेल."

हे काय नवीन, म्हणून राजेसाहेब गादीवरून उठून जवळ आले. पंतांनी ऐटीत गंध रेखलं. वैशाखाचा उकाडा, बघता बघता ते ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं.

राजेसाहेब खो खो हसले. सटवाजीनं छिन्नी उचलून अदबीनं विचारलं,

"तेलकटपणा दोन्हीकडं आहे, पंत. टोचे आधी कुठं मारू?"