‘ये’ म्हणायचा वसा

ऐका उंबरेबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला वेस होती, वेशीतून परमुलखाची वाट जात होती. त्या नगरात तांबटआळी होती. तिथं भानोबा तांबट राहत होता, त्याची बायको कोंडाई. पदरी दोन मुलगे, एक मुलगी. दिवसभर हातोडीची ठकठक, वर पोरांची भांडणं. कोंडाई म्हणायची, "देवा, घटकाभर तरी हे घर गप्प होऊ दे!" देवानं ऐकलं. बायांनो, देव नको तेव्हा बरोबर ऐकतो.

मुलं मोठी झाली. थोरला मल्हारी परमुलखी कामाला निघाला. हातावर दही घेतलं, पाया पडला, उंबऱ्यावर उभा राहिला. म्हणाला, "आई, येतो." जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे तिनंच शिकवलेलं. आता आईनं "ये" म्हणायचं, मग त्यानं पाऊल टाकायचं. कोंडाईचा ऊर कौतुकानं भरला होता, नि त्याच उरात कळ निघत होती. तिच्या मनात आलं, 'ये म्हणायचं म्हणजे जा म्हणायचंच की! मी नाहीच म्हटलं, तर जाईल कसा?' ती गप्प राहिली. मल्हारीनं वाट पाहिली, मग गेला.

मग गोदूचं लग्न झालं. सासरी निघताना म्हणाली, "आई, येते." कोंडाई गप्प. मग शेंडेफळ निंबा निघाला. "आई, येतो." कोंडाई गप्पच. त्यानं पाऊल बाहेर टाकलं, तशी तिनं वर मागून हाकही मारली, "निंबाऽ!" तो दचकला, पण वळला नाही. गेला.

घर गप्प झालं. भानोबाला त्या रात्री गाढ झोप लागली, नि सकाळी त्याचीच त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांज झाली. कोंडाईनं दिवा लावला, तो दारातून आवाज आला, "आई, येतो." पाहते तो कुणी नाही. मग आला, "आई, येते." कुणी नाही. मग आला, "आई, येतो." वळून बघते तो काय? भिंतीवर तीन सावल्या. माणूस नाही, नुसती सावली. एकीच्या खांद्यावर गाठोडं, एकीच्या डोक्यावर पदर, नि तिसरीची मान मागं वळलेली. निंबा वळला नव्हता, सावली वळली होती.

दुसरी असती तर किंचाळली असती. कोंडाई हसली. म्हणाली, "माझी मुलं माझ्या घरी." तीन पानं वाढली. अन्नाला कुणी शिवलं नाही, पण सकाळी त्याला चव उरली नाही. भानोबा म्हणाला, "अगं, हे बरं नव्हे." ती म्हणाली, "तुमचं काय जातं? तुम्ही झोपा खुशाल."

लेकरं दिसामाशी वाढतात, या सावल्या दिसामाशी घटू लागल्या. मिशीची सावली बिनमिशीची झाली. पदराची सावली परकराची झाली. निंबाची सावली रांगू लागली. कोंडाईला आनंद मावेना. तिनं माळ्यावरचा पाळणा काढला, पुसला, टांगला. रिकामा पाळणा आपोआप हलू लागला. ती अंगाई म्हणू लागली. भानोबा कोपऱ्यात सरकून बसला.

एके दिवशी तिन्हीसांजेला एक म्हातारी आली नि थेट उंबऱ्यावर बसली. कोंडाई म्हणाली, "आजीबाई, दिवेलागणीला उंबऱ्यावर बसू नये." म्हातारी म्हणाली, "मी नाही बसायचं तर कुणी? माझं घर हेच. कोंडे, पाळण्यात कोण गं?"

"माझा निंबा."

"मग तिकडं परमुलखात रांगतोय तो कोण? मिशाळ बाप्या नि रांगतोय. लोक आधी हसले, आता भितात. तुझा मल्हारी हातोडी धरायला विसरला. तुझी गोदू सासरी अंगठा चोखत बसते. तू ‘ये’ दिलं नाहीस, म्हणून त्यांचं निघणं अजून इथंच अडलंय. उद्या पाळण्यातली सावली पुसली जाईल, तसा तिकडं लेकही पुसला जाईल."

कोंडाई वाकली. तिनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, काही उपाय सांगा."

"वसा आहे. पण रडशील, अडशील, टाकशील."

"रडेन, अडेन, पण टाकणार नाही."

"मग ऐक. उंबरा धुवावा, हळदकुंकू वाहावं. जाणाऱ्याच्या हातावर दही घालावं. तोंड भरून ‘ये’ म्हणावं. मागून हाक मारू नये. तो वेस ओलांडीपर्यंत घर झाडू नये."

"उजवायचा कधी?"

"तो तुझी मुलं उजवतील," म्हातारी म्हणाली, नि दिसेनाशी झाली. उंबऱ्यावर हळदीचं बोट तेवढं उमटलं होतं.

कोंडाईनं उंबरा धुतला, हळदकुंकू वाहिलं, दह्याची वाटी घेतली. मल्हारीच्या सावलीपुढं भिंतीला दही लावलं, म्हणाली, "ये, बाबा." सावली गेली. गोदूच्या सावलीला म्हणाली, "ये, बाळे." सावली गेली. मग पाळण्यापाशी आली. सावली मुठीएवढी झाली होती. कोंडाईचा हात उचलेना, तोंड उघडेना. भानोबा हळूच म्हणाला, "मी म्हणू का?" ती म्हणाली, "नको. अडवला मी, सोडायचाही मीच." पाळण्याला दही लावलं. म्हणाली, "ये, निंबा."

सावली पाळण्यातून उतरली. रांगत निघाली, माजघरात उभी राहिली, ओटीवर चालू लागली, उंबऱ्यावर पुरुषभर झाली. हाक कोंडाईच्या ओठावर आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सावलीनं उंबरा ओलांडला. पाळणा थांबला.

पुढं मुलं घरी आली. कोंडाईनं आधी तोंडं नाही पाहिली, पाय पाहिले. पायांशी सावल्या होत्या. मग ऊर फुटेतो रडली. मुलं आली तशी गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. दर खेपेला दही, दर खेपेला "ये". कधी डोळ्यांना धार लागली, तर कधी, खोटं कशाला बोला, ‘गेली एकदाची’ म्हणून तिनं पाठ टेकली. उंबरेबाई दोन्हीला रागावत नाही.

मग भानोबा गेला. मग कोंडाई थकली, तिनं अंथरूण धरलं. मुलं भोवती बसली. तिन्हीसांजेला ती म्हणाली, "येते हो." कुणी बोलेना. मल्हारीनं तोंड फिरवलं. गोदूनं आईचा हात घट्ट धरला. ये म्हणायचं म्हणजे जा म्हणायचंच की! भिंतीवर कोंडाईची सावली उठली, दारापर्यंत गेली, नि उंबऱ्यापाशी थांबली. मान मागं वळवून.

निंबानं ती मान पाहिली. तो उठला, आईच्या हातावर दही घातलं, म्हणाला, "ये, आई."

सावलीनं उंबरा ओलांडला. कुणी मागून हाक मारली नाही. वसा उजवला.

उंबरेबाई, जसा निंबाला वेळेवर शब्द सुचला, तसा तुम्हांआम्हांला सुचो. नि आपली वेळ येईल, तेव्हा दारात ‘ये’ म्हणणारं कुणी असो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी, उंबऱ्याच्या आत सुफळ, उंबऱ्याबाहेर संपूर्ण.