ठकूबाईचा वाकडा ओढा

बसा, आणि मध्ये बोलू नका. ही आमच्या तांबडखोऱ्याची गोष्ट आहे. ती सांगताना माझी मान जरा ताठ होते, त्याला इलाज नाही.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या पणजीच्या पणजीने ऐकली तेव्हाही ही गोष्ट जुनीच होती, इथे चहूकडे तांबडे उघडे डोंगर होते. वीस कोसांत दुसरं पाणी नव्हतं. पाऊस वाट चुकला तरच यायचा. पण कड्यातल्या एका फटीतून मनगटाएवढी धार बारमाही पडायची, आणि तिच्यावर शंभर उंबरे जगायचे.

मग गावाला हाव सुटली. फट मोठी केली तर धार मांडीएवढी होईल, असं रखमाजी पाटलाने ठरवलं. लोकांनी पहारी लावून खडक फोडला. दोन दिवस पाणी धो धो आलं, तिसऱ्या दिवशी थेंब नाही. अति तिथे माती, दुसरं काय. पंधरवड्यात रांजण आटले आणि लोकांनी गाव सोडायला बैलांवर संसार लादले.

त्याच दिवशी ठकूबाई धनगरीण बाराशे मेंढरं घेऊन खोऱ्यात उतरली. मागच्या साली याच गावाने तिला हाकललं होतं, मेंढरं पाणी गढूळ करतात म्हणून. तरी ती आली, कारण तिची वाट तीच होती. कोरडी फट पाहून तिने कळप तिथेच थांबवला. दुपारी मेंढरं रवंथ करत बसली, तेव्हा ती उभी राहून बघत राहिली. सगळा कळप बसला होता, पण मधोमध एक पट्टा रिकामा होता.

"पाटील, बैल सोडा," ती म्हणाली. "मेंढरू वल्या भुईवर बसत न्हाई. पाणी मेलं न्हाई, खाली गेलंय."

"आन् तू चुकलीस तर? हितं थांबलीस तर पुढच्या पाण्यापतोर तुझी मेंढरं पोचायची न्हाईत."

"तर ती मरत्याल, आन् मी बी. पर तुमची पोरं वाटंतच मरत्याल, त्याचं काय?"

पाटलाने मान खाली घातली आणि बैल सोडले.

त्या रिकाम्या पट्ट्यात पहिली कुदळ ठकूबाईने मारली. गाव पाच दिवस खणत होतं. ते पाचही दिवस बाराशे मेंढरं खड्ड्याभोवती सावली धरून उभी राहिली, एकही ओरडलं नाही, असं म्हणतात. सहाव्या सकाळी पाणी आलं. मनगटाएवढंच आलं. मग ठकूबाई काठी जमिनीवर ओढत चालू लागली आणि पाणी तिच्या मागोमाग निघालं, असं म्हणतात. जिथे कोकरू थकून बसलं होतं तिथे ती वळली, म्हणून आमचा ओढा एवढा वाकडा. बाहेरचे हसतात. हसू द्या.

त्या दिवसापासून इथे पाण्याच्या तोंडाला कोणी पहार लावत नाही. धनगरांचे कळप आले की गावचा पाटील शिवेवर सामोरा जातो. शेवटचं लंगडं कोकरू पिऊन होईपर्यंत गावात कोणी एकही घागर भरत नाही.

मोठ्या दुष्काळात धार करंगळीएवढी झाली, आणि नेमके तेव्हाच तीन कळप एकदम आले. त्यांचं पिणं संपायला दिवस मावळला. बायका घागरी घेऊन उन्हात थांबल्या, कोणी हू की चू केलं नाही. हे मात्र असं म्हणतात म्हणून सांगत नाही. त्या रांगेत माझी आई होती, तिच्या कडेवर तापाने फणफणलेली मी होते, आणि ती जागची हलली नाही.